मेस्त्रींचा हात आणि हाजींचा कमांचा

मेस्त्री, भांडण अर्धवट टाकून कुणी असं जातं का? परवा तुमच्या शंकरचं पत्र आलं. दारातच उघडलं, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "अहो, पण आमचं अजून ठरलं नव्हतं!" हे आतून धावत आले, त्यांना वाटलं मी शेजारणीशी वाद घालतेय. मग पत्र त्यांच्या हातात दिलं. रडू नंतर आलं, चांगलं तासभर आलं. पण आधी आला तो राग, आणि तुमच्यापाशी तो कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण आपलं नातंच वादावादीचं होतं.

तुमचा जन्म कधीचा, शाळा किती झाली, मागे कोण कोण आहे, हे लिहायला तुमच्या गावात माणसं आहेत. मला त्यातलं फारसं ठाऊकही नाही. मला ठाऊक होता तो तुमचा उजवा हात. शिवाय शंकरच्या पत्रात शेवटी जे आहे त्याचं उत्तर मला द्यायचंय, म्हणून तुमच्याशी बोलायला बसलेय. तो लिहितो, 'बाबा असताना हा विषय काढायची सोय नव्हती. आता विचारतो. मला कुवेतला यायचे आहे. मिळेल ते काम करीन. तुमच्या ओळखीने व्हिसा होईल का?' सात वर्षं तुम्ही त्याला अडवून धरलंत, आणि त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटायला हवं, कारण मुलाला सुतारकाम शिकवायचं वेड तुमच्या डोक्यात मी घातलं होतं. आता तुम्ही नाही, आणि मुलगा माझ्या दारात उभा आहे. हो म्हणू की नाही, मेस्त्री?

आपली पहिली भेट माझ्या एक्स-रेच्या खोलीतली. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं ती, आम्हाला कुवेतला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. सुलैबियाच्या कुठल्याशा साइटवरून एक मजूर हातावर फळी पडली म्हणून आला होता. कागदावर नाव वाचलं, सदाशिव मेस्त्री, आणि मी सरळ मराठीत म्हटलं, "मेस्त्री, हात असा पालथा ठेवा, हलवू नका." तुम्ही हात ठेवायचा सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. फिल्म निघाली, हाडं सगळी शाबूत. मी तसं सांगितलं तर आनंद व्हायचा सोडून तुम्ही मलाच उलटा सवाल केलात. "हाड बरां असा, तर मगे हात कित्याक मेलो, बाय?"

मला कळेना. मग तुम्ही सांगितलंत, बाहेरच्या बाकावर बसून, पुढचा पेशंट ताटकळत असताना. तुमच्या वडलांनी देवाच्या पालख्या केल्या होत्या, देवळांचे खांब कोरले होते. तुम्हीही तिशीपर्यंत तेच केलंत. मग इथे आलात, आणि नऊ वर्षं सेंट्रिंगच्या फळ्यांना खिळे ठोकताय. स्लॅब भरला की फळ्या काढायच्या आणि पुढच्या मजल्यावर परत त्याच ठोकायच्या. मध्ये एकदा सुट्टीवर घरी गेलात, वडलांची पटाशी हातात घेतली, तर साधी कमळाची पाकळी उतरेना. हात मेला म्हणालात ते त्यावरून. मी उत्तर दिलं ते अगदी पुणेरी होतं. म्हटलं, हात मरत नसतो, आळशी होतो. तुम्हाला राग आला, आणि पुढच्या शुक्रवारी त्या रागातच तुम्ही आमच्या रिग्गईच्या घरी जेवायला आलात.

मग दर शुक्रवारी येत राहिलात. पहिल्याच दिवशी पानावर बसायच्या आधी टेबलाखाली शिरलात, कारण टेबल डुगडुगत होतं. हे ओशाळले, म्हणाले, अहो राहू द्या, कंपनीचं फर्निचर आहे. तुम्ही म्हणालात, डुगडुगणाऱ्या टेबलावर जेवलो तर बापूस वर शिव्या घालील. सुताराच्या हाताखालून गेलेली वस्तू हलता कामा नये, हा तुमच्या घराण्याचा पहिला नियम. महिन्याभरात आमच्या घरातली एकही वस्तू हलेनाशी झाली, मोरीतला पाटसुद्धा.

आता हाजींकडे येते, नाहीतर माझी गाडी टेबलाखालीच अडकायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्या म्हाताऱ्या इराणी हाजींची भट्टी होती, त्यांच्याकडे मी रोज संध्याकाळी खुब्जच्या गरम रोट्या आणायला जायची. ऐन तारुण्यात ते मुंबईला मामाच्या हॉटेलात आठ वर्षं राहिलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे आणि मला बेटी म्हणायचे. एका संध्याकाळी पिठाच्या पोत्यावर पांढऱ्या फडक्यात काहीतरी ठेवलेलं दिसलं. मी चौकशी करणार नाही असं कसं होईल? हाजींनी फडकं बाजूला केलं.

तो कमांचा होता. गजाने वाजवायचं इराणी वाद्य. खाली नारळाएवढा लाकडी भोपळा, त्याच्या तोंडावर कातडं मढवलेलं, वर लांबसडक दांडी, चार तारा, आणि भोपळ्याच्या बुडातून बाहेर आलेली एक लोखंडी सळई. पण मेस्त्री, खरी गंमत भोपळ्याच्या पाठीवर होती. तिथे चांदण्याच चांदण्या. तांदळाच्या दाण्याएवढी एकेक चांदणी, सहा टोकांची, त्यात पिवळं पितळ, पांढरं हाड आणि काळं-तांबडं लाकूड. अशा शेकडो. आणि मधोमध तळहाताएवढा भाग उघडा पडलेला. ऑगस्टच्या दमटपणात लाकूड फुगलं आणि पापुद्र्यासारखा तो तुकडा सुटून पडला, त्याचा भुगा झाला. हाजींच्या वडलांनी शिराझहून आणलेलं वाद्य ते. दोन महिन्यांनी शिराझला हाजींच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं, आणि थोरल्या दोघींच्या लग्नात वाजला तसा हिच्याही लग्नात हाच कमांचा वाजायला हवा होता. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणाला होता, तिथे तपकिरी रंग मारून देतो. हे सांगताना हाजींचे डोळे भरून आले होते.

मी काय केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला न विचारता हाजींना शब्द देऊन टाकला. आमच्याकडे असा एक मेस्त्री आहे, म्हटलं, की तो देवाच्या पालख्या करतो. 'करायचा' असं म्हणायला हवं होतं, पण माझी जीभ कुठे थांबते?

शुक्रवारी तुम्ही आधी साफ नाही म्हणालात. मग हात धुऊन, पंचाला पुसून, तो भोपळा नुसता बघायला म्हणून मांडीवर घेतलात. आमटी निवली. यांचं जेवण झालं, माझं झालं, तुमचं पान तसंच. तुम्ही नखाने एकेक चांदणी चाचपत होता आणि स्वतःशी पुटपुटत होता. एवढाल्या तिकोनी काड्या हाताने एकेक करून चिकटवायच्या म्हटलं तर एका चांदणीला दिवस जाईल, आणि अशा शेकडो. कोणत्या माणसाकडे एवढं आयुष्य होतं? निघताना म्हणालात, माझ्याच्याने होणार नाही, पण त्याने केलं कसं तेवढं कळलं पाहिजे. मी मनात म्हटलं, लागला मासा गळाला.

पुढचे दोन शुक्रवार आपण दोघांनी डोकं खाल्लं एकमेकांचं. वर रोगणाचा शंभर वर्षांचा काळा थर, त्याखालचं काही धड दिसेना. मग माझ्या डोक्यात आलं की आपण रोज करतो काय? आतलं बघतोच की. आमच्या विभागाचे इजिप्शियन डॉक्टर मोठे रसिक होते. त्यांची परवानगी काढली, कडेने धुरकटलेली एक वाया गेलेली फिल्म घेतली, आणि सुट्टीच्या दिवशीच्या ड्यूटीत हाजींचा कमांचा टेबलावर पालथा घातला. डॉक्टर दारातून विचारतात, फ्रॅक्चर कुठे आहे? म्हटलं, अजून सापडलं नाही. किती वेळ मी त्या डार्करूममध्ये फिल्म धुताना गाणं म्हणत होते! हातापायाची हाडं, छातीचे पिंजरे, दिवसाला साठ फिल्म काढणारी मी, आणि त्या एका फिल्मसाठी सारखी घड्याळाकडे बघत होते.

संध्याकाळी ती फिल्म आपण स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटवर धरली. पितळ पांढरं शुभ्र, हाड राखाडी, लाकूड जवळजवळ नाहीच. काळ्या आभाळात चांदण्या. आणि तुम्ही एकदम म्हणालात, प्रत्येक चांदणीचं डाव्या हाताचं खालचं टोक बोथट आहे. मी चष्मा पुसून बघितलं. खरंच होतं. एकीचं नाही, दोघींचं नाही, ओळीच्या ओळी, प्रत्येक चांदणीचं तेच एक टोक मोडलेलं. शेकडो वेळा तीच चूक? माणूस इतक्या वेळा नेमकी तीच चूक कशी करील?

मी तेव्हा वड्या कापत होते. अळू इथे कुठलं मिळायला, मी कोबीच्या पानांना पीठ लावून वळकट्या उकडायची. वळकटीत एक मिरचीचं देठ चुकून राहिलं होतं, ते प्रत्येक वडीत त्याच जागी दिसत होतं. तुम्ही ताटाकडे बघितलंत, फिल्मकडे बघितलंत, आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतलीत. "बाय, एक एक चांदणी नाय केल्यान तेणी. वळकटी केल्यान आणि कापल्यान."

आठवतंय ना? तुम्ही ओट्यापाशी उभे राहून सगळी वळकटी कापलीत, वड्या रांगेने मांडल्यात, आणि प्रत्येकीतलं देठ बोटाने दाखवत सुटलात. लांब काड्यांची मोळी बांधायची, पितळ, हाड, लाकूड, सगळ्या तिकोनी, सरसाने चिकटवायची, आणि मग आडवी कापायची. एका मोळीच्या पातळ पातळ कापांतून शंभर चांदण्या. एक काडी बोथट निघाली तर शंभरही चांदण्यांचं टोक बोथट. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या त्या शिराझच्या कारागिराने आपली हातचलाखी एका चुकीमुळे आपल्याला सांगितली. मी आयुष्यभर मोडलेलं शोधायचं काम केलंय, मेस्त्री. एखादी गोष्ट केली कशी, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा शोधलं. तो आनंद मला तुम्ही दिलात आणि त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपण लगेच भांडायला लागलो म्हणून राहून गेलं.

पहिलं भांडण हाडावरून. खातम म्हणतात त्या नक्षीला, आणि खातमला उंटाचं हाड लागतं. पितळेची तार मिळाली, लाकूड तुम्ही साइटवरच्या खोक्यांतून निवडून आणलंत, हाड मात्र धरेनात. मासे ओरपणारा माणूस तुम्ही, हाडाचं काय सोवळं? पण तुमचं म्हणणं वेगळंच होतं. वडलांच्या ज्या कानशीने, ज्या पटाशीने देवाची पालखी झाली ती हत्यारं हाडाला लावायची नाहीत. मी कपाळाला हात लावला. शेवटी हाजींनीच हाडं आणून भट्टीच्या बाजूला डब्यात उकळून पांढरी करून दिली, आणि तुम्ही बाजारातून नवी कानस, नवी करवत आणलीत. ती फक्त हाडासाठी. सुट्टीवरून बरोबर आणलेली वडलांची पेटी शेजारी उघडी असायची आणि तिला तुम्ही हाड लागू दिलं नाहीत.

पहिली मोळी फसली. दुसरी फसली. काड्या एकसारख्या निघेनात, तुमचा अंगठा थरथरायचा, आणि तिसरी मोळी कापताना फुटली तेव्हा तुम्ही करवत खाली ठेवून पेटी बंद केलीत. म्हणालात, सांगितलं होतं ना, हात मेला. हाजींना जाऊन सांग, रंग मारून घ्या. मी तेव्हा तुम्हाला फार लागेल असं बोलले. म्हटलं, तुमचा हात मेलेला नाही, तुम्हाला तो मेलेला हवाय, कारण मग खिळे ठोकायला वाईट वाटत नाही. तुम्ही उठून गेलात. हे मला म्हणाले, तू माणूस घालवलास. पण पुढच्या शुक्रवारी तुम्ही आलात ते चौथी मोळी काखेत घेऊनच. सुलैबियातल्या आपल्या खोलीत, आठ जणांच्या गर्दीत, रोज कामावरून आल्यावर तुम्ही ती बांधली होती. पहिला काप पडला. त्यातून एक नितळ सहा टोकांची चांदणी बाहेर आली, आणि तुम्ही ती तळहातावर घेऊन खिडकीशी जाऊन उभे राहिलात. मी मागून बघत होते. अंगठा हलत नव्हता.

आणि इथे आपलं खरं भांडण जुंपलं, जे अजून मिटलेलं नाही. तुमच्या चांदणीची सहाही टोकं तीक्ष्ण होती. मी म्हटलं, जुन्या चांदण्यांचं एक टोक बोथट आहे, नव्यांचंही बोथटच करा, नाहीतर ठिगळ दिसेल. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी देवाला शिवी दिली. "जाणूनबुजून वाकडां माझ्याच्यान जमाचा नाय." मी म्हटलं, ती त्या कारागिराची सही आहे. तुम्ही म्हणालात, सही नव्हे, त्याची नजर चुकली. तो आज असता तर त्याने स्वतः सुधारलं असतं. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? तुम्ही म्हणालात, मला नाही तर कुणाला माहीत, मी सुतार आहे. तीन शुक्रवार हे चाललं. हात तुमचे होते म्हणून शेवटी तुमचंच खरं झालं. कमांच्याच्या पाठीवर तळहाताएवढ्या जागेत अगदी निर्दोष चांदण्या बसल्या.

आता त्या दुपारबद्दल लिहिते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ता कशाक. पण मी लिहिणार.

हाजींच्या जाण्याला दोन दिवस होते. कमांचा घेऊन आपण भट्टीवर गेलो, आणि तुम्ही त्याला आपल्याकडून एक भेट जोडली होती, माझ्यापासूनही लपवून. खालची ती सळई. ती एका टोकावर उभी राहते, वाद्य डुगडुगतं, हे तुमच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होतं. तुम्ही सागाची गोल बैठक केली होती, तिच्या कडेला खातमची पट्टी, मधोमध सळई बसवून, पाचर मारून, सरस ओतून पक्की केलेली. कमांचा जमिनीवर ठेवला की देवळातल्या समईसारखा ताठ उभा. तुमच्या आयुष्यातला सर्वांत घट्ट सांधा होता तो. मीही टाळ्या वाजवल्या, मला काय कळत होतं?

हाजींनी आधी चांदण्या बघितल्या. भोपळ्याला ओठ लावले, तुमच्या हाताला लावले. मग बाकावर बसले, बैठक मांडीवर टेकवली, गज उचलला आणि थांबले. दांडी डावीकडे वळवायला गेले, ती वळेना. उजवीकडे वळेना. माणूस इतका भला की आपल्याकडे बघून नुसते हसले. तुम्हीच विचारलंत, काय झालं? हाजींनी शेजारचं लाटणं घेतलं, मांडीवर उभं धरलं, आणि त्यावर गज आडवा टेकवला. "बेटा, गज नहीं घूमता. साज घूमता है." गज आपल्या वाटेने सरळ जातो-येतो. वाजवणारा कमांचाच त्या सळईवर इकडे-तिकडे फिरवतो, आणि जी तार हवी ती गजासमोर आणतो. त्या डुगडुगण्यावरच तर सगळं गाणं होतं. आपण ते बंद करून टाकलं होतं.

तुमचा चेहरा मी विसरणार नाही. मला वाटलं, आता हा माणूस पेटी उचलेल आणि परत कधी दिसणार नाही. मी काहीतरी सारवासारव करू लागले तर तुम्ही मला गप्प बसवलंत आणि हाडाचं सोवळं विसरून वडलांची करवत काढलीत. तो सांधा उपसून निघणारा नव्हता, इतका तो चांगला केला होता. बैठकच उभी चिरायला हवी होती, सळईला केसाएवढ्या अंतरावरून, आणि वर धक्का लागला असता तर नव्या चांदण्या उखडल्या असत्या. हाजींनी दांडी धरली, मी टॉवेलात भोपळा धरला. तुम्ही स्वतःच्या खातमच्या पट्टीवर करवत ठेवलीत आणि चिरत गेलात. भट्टीसमोर खुब्जसाठी रांग लागलेली, बाया-पुरुष सगळे थांबून बघत होते. माझ्या हातातल्या भोपळ्याला एक कंपसुद्धा आला नाही. बैठकीचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले. तुम्ही सळईचं टोक कानशीने गोल केलंत, बोटाने तपासलंत आणि म्हणालात, आता बघा.

हाजी वाजवू लागले. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण तो आवाज माणसाच्या गळ्याजवळचा होता, थोडा घोगरा. आणि कमांचा फिरत होता! हाजींच्या मांडीवर डावीकडे, उजवीकडे, आणि प्रत्येक वळणाला भट्टीचा उजेड पाठीवरच्या चांदण्यांवर पडत होता. आधी जुन्या चमकायच्या, मग तुमच्या, मग परत जुन्या. रांगेतला एक इराणी मजूर नाचायला लागला. तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. "ह्यां फिराक होया होतां, बाय," म्हणालात. आणि मग एकदम हसत, स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरून, "हात जितो असा."

हाजी लग्नाहून परत आले तेव्हा पेढ्यांसारखी मिठाई आणि एक बातमी घेऊन आले. शिराझमध्ये खातमचं काम करणारे एक वृद्ध गृहस्थ लग्नाला होते. त्यांनी कमांचा हातात घेतला आणि बरोबर नव्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाले, ह्या चांदण्या फार स्वच्छ आहेत. मी जिंकले म्हणून उड्या मारल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, म्हणजे माझ्या अधिक चांगल्या आहेत, हे त्यानेही मान्य केलं. सांगा, अशा माणसाशी वाद घालायचा तरी कसा? गेल्या वर्षीच्या पत्रातसुद्धा मी लिहिलं होतं की टोक बोथटच हवं होतं. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं.

इथपर्यंत मी भराभर लिहिलं. पुढचं लिहायला काल रात्रीपासून टाळत होते.

त्या दुपारनंतर महिन्याभराने तुमचा करार वाढवायची वेळ आली. आणि मी दर शुक्रवारी तुमच्या मागे लागले. हात जिवंत आहे तर परत खिळे ठोकायला कशाला जाता? घरी जा, पालख्या करा, मुलाला शिकवा. तुम्ही 'बगूया' म्हणायचात आणि मान खाजवायचात. यांनी मला एकदा सांगितलं, दोन पगारांवर बसून उपदेश करणं सोपं असतं. मी ऐकलं नाही. तुम्ही गावी गेलात. घराचा वरचा मजला अर्धा राहिला तो राहिलाच, आणि शंकर दहावीनंतर तुमच्या हाताखाली बसला. त्यानंतर पालखीचं काम मिळालं तेव्हा तुमचं चार पानी पत्र आलं होतं, काय सुंदर पत्र! एकेक घोडा, एकेक वेल, सगळं वर्णन. ते एक पत्र मी पन्नासदा वाचलं. बाकीची पत्रं छोटी असायची आणि ती मी एकदाच वाचायची. सुखी आहात का, हा प्रश्न एकदाही विचारला नाही. उत्तराची भीती वाटत होती.

आज सकाळी हे लिहिणं मध्येच सोडून मी फोन लावला. शंकरने पत्रात तुमच्या बाजारातल्या वाण्याचा नंबर दिला होता. अर्ध्या तासाने लागला, वाण्याने पोराला पाठवून शंकरला बोलावून आणलं. मी सुरुवात केली ती तुमच्यावतीनेच. शंकर, तुझ्या बाबांचा हात कसा मेला होता, कसा परत आला, तू इथे येऊन तेच करणार का... आणि बोलता बोलता मलाच माझा आवाज ऐकू आला. तोच तो, दर शुक्रवारचा. मी थांबले. लाइनच्या खरखरीत कॉलची महागडी मिनिटं चालली होती. मग म्हटलं, शंकर, ते राहू दे. तुला स्वतःला काय करायचंय?

पलीकडून वाण्याच्या दुकानातला गलका ऐकू आला.

"बाईनू, माका क्रेन चलवची असा," तो म्हणाला. तुम्ही साइटवर उभे राहून काढलेला एक फोटो घरी पाठवला होता म्हणे. सगळे त्यात तुम्हाला बघायचे. तो मागची पिवळी क्रेन बघायचा. सात वर्षं पटाशी धरली, कारण बाबांना आवडायचं. कोरीव काम त्याला कधी आवडलंच नाही. मग अगदी सहज, तक्रार नव्हे, म्हणाला, "माका कधी कोणी इचारूकच नाय."

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, वाण्याच्या फोनवर. रागवा मेस्त्री, खुशाल रागवा, पण मी हो म्हटलंय. उद्या यांच्या ओळखीच्या कफीलकडे, म्हणजे व्हिसा काढून देणाऱ्या मालकाकडे, कागद घेऊन जाते. क्रेनचं लायसन्स लगेच मिळणार नाही, आधी हेल्पर म्हणून खाली उभं राहावं लागेल, ते त्याला सांगितलं. तो म्हणाला चालेल, आणि त्या 'चालेल'मध्ये जो आनंद होता तो मी तुमच्या आवाजात फक्त एकदा ऐकला होता.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही नाही विचारलंत, आणि मी तुमच्या मागे लागले होते तेव्हा, मेस्त्री, मी तरी तुम्हाला कुठे विचारलं होतं?